वाचकांचे प्रश्न : गोव्याच्या आकाशातले चालते दिवे

पावसाळा सरून आकाश मोकळे होऊ लागले की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. यंदा त्यांतील बहुतेक पत्रे ताऱ्यांविषयी नसून ताऱ्यांमधून चालत जाणाऱ्या दिव्यांविषयी आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १५.५ अंशांवर आहे, आणि आपल्या मोबाइलवर येणारा आकाशनिरीक्षणाचा बराचसा मजकूर मात्र ४० ते ५० अंशांवर राहणाऱ्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. वाचकांच्या अर्ध्याअधिक शंका या एका फरकातून निघालेल्या आहेत.

प्रश्न : संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या मुलाने गच्चीवरून शुक्रासारखा तेजस्वी ठिपका नैर्ऋत्येकडून वर येताना पाहिला. तो लुकलुकत नव्हता आणि त्याचा आवाजही नव्हता. डोक्यावरून पुढे जाऊन ईशान्येकडे उतरताना तो निरभ्र आकाशातच विझला. हे अवकाश स्थानक असेल का? आणि ते मध्येच विझले कसे? (एक पालक, म्हापसा)

उत्तर : आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकच होते असे म्हणायला हरकत नाही. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते पृथ्वीभोवती फिरते आणि एक फेरी साधारण ९३ मिनिटांत पूर्ण करते. सौर पंखांसह त्याची रुंदी १०९ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीइतकी आहे. आपल्याला दिसतो तो त्याच्यावरचा दिवा नव्हे, तर त्या पंखांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण एवढ्या उंचीवर ऊन अजून पोहोचत असते. दर्यातल्या होडीवर सावली पडली तरी मागच्या डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळते, तसाच हा प्रकार आहे.

विझण्याचे कारणही तेच. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत असते. स्थानक पूर्वेच्या बाजूला उतरताना त्या सावलीत शिरते आणि काही सेकंदांत तांबूस होत नाहीसे होते. पहाटे याच्या उलट घडते : सावली पश्चिमेकडे असल्यामुळे स्थानक क्षितिजावरून उगवत नाही, तर आकाशाच्या मध्यावर, जिथे एक क्षणापूर्वी काहीच नव्हते तिथे, एकाएकी उजळते आणि पूर्वेच्या डोंगरांकडे उतरत जाते.

विमानाशी गल्लत होऊ नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे की विमानाला तांबडा आणि हिरवा दिवा असतो व त्याच्यावरचा पांढरा दिवा ठरावीक अंतराने मिचकतो. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या आपल्या चिमुकल्या राज्यात ही खूण मुलांना आधी शिकवावी. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, तर स्थानक आकाश ओलांडायला पाच-सहा मिनिटे घेते.

प्रश्न : आम्ही पणजीत भर बाजारपेठेजवळ राहतो. मांडवीवरील कसिनोंच्या रोषणाईमुळे रात्री चार तारेही धड दिसत नाहीत. स्थानक पाहायला आम्हाला काणकोणला किंवा सत्तरीला जावे लागेल का? आणि वेळ कशी कळेल? (एक दांपत्य, पणजी)

उत्तर : अजिबात जावे लागणार नाही, आणि या विषयातली सर्वांत आनंदाची बाब मला हीच वाटते. आकाशगंगेचा पट्टा पाहायला अंधार शोधावा लागतो, पण स्थानक चांगल्या फेरीत व्याधाच्या ताऱ्यालाही मागे टाकते आणि शहरातल्या गच्चीवरून विनासायास दिसते. समोरचा रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहावे, एवढे पुरे.

वेळेसाठी नासाचे ‘स्पॉट द स्टेशन’ हे मोबाइल अ‍ॅप किंवा ‘हेवन्स-अबव्ह’ हे संकेतस्थळ वापरावे. दोन्हींत आपले गाव निवडता येते. एखाद्या ठिकाणी जागतिक वेळ दाखवली असेल तर तीत साडेपाच तास मिळवावेत. प्रत्येक फेरीपुढे सुरुवातीची दिशा, सर्वाधिक उंची आणि शेवटची दिशा दिलेली असते. त्यांपैकी उंचीचा आकडा प्रथम पाहावा. ४० अंशांहून कमी उंचीची फेरी पहिल्यांदा पाहणाऱ्याने सोडून द्यावी, कारण स्थानक डोक्यावर असते तेव्हा आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर असते, पण क्षितिजाजवळ ते हजार किलोमीटरच्याही पलीकडे असते आणि त्यामानाने मंद दिसते. अंश मोजायला हात पुढे ताठ करून मूठ धरावी. एका मुठीची उंची साधारण १० अंश भरते, म्हणून ४० अंश म्हणजे चार मुठी. तेजस्विता, म्हणजेच दृश्यप्रत, दिली असेल तर आकडा जितका लहान तितका उजेड अधिक. उणे ३ म्हणजे उत्तम.

दिशेची काळजी गोव्यात फारशी नसते, कारण आपल्या अक्षांशावर स्थानक नेहमी तिरपे जाते : नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे. म्हणजे संध्याकाळी ते समुद्राच्या बाजूने उगवणार हे ठरलेलेच. मिरामारच्या वाळूवर उभे राहिलात तर पाण्याच्या रेषेपासून ते वर येताना दिसेल. फोंड्याच्या कुळागरात राहणाऱ्याला मात्र माडा-पोफळींच्या शेंड्यांवर ते येईपर्यंत थांबावे लागते.

माझ्या आईने वयाच्या पंचाहत्तरीत प्रथमच स्थानक पाहिले, तेव्हा तिने विचारले होते, “त्यांना आपले दिवे दिसत असतील का?” दिसतात. स्थानकावरील अंतराळवीरांनी रात्रीच्या भारताची अनेक छायाचित्रे काढली आहेत आणि त्यांत किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे स्पष्ट ओळखता येतात. २ नोव्हेंबर २००० पासून आजतागायत त्या स्थानकात माणसे नाहीत असा एकही दिवस गेलेला नाही. आपण खालून पाहतो तेव्हा त्या ठिपक्यात कोणीतरी जेवत असते, झोपलेले असते किंवा काम करत असते, आणि हे ठाऊक असले की त्या ठिपक्याकडे पाहण्याची नजर बदलते.

प्रश्न : लंडनमध्ये शिकणारी माझी भाची सांगते की जून महिन्यात तिला एकाच रात्री चार-पाच वेळा स्थानक दिसते. आम्हाला वास्कोत कधी सलग काही दिवस संध्याकाळी दिसते, मग कित्येक दिवस अ‍ॅप रिकामेच, आणि नंतर पहाटेच्या वेळा येतात. आमच्या फोनमध्ये काही दोष आहे का? (एक निवृत्त अधिकारी, वास्को)

उत्तर : आपल्या फोनमध्ये दोष नाही आणि भाचीचे म्हणणेही खरे आहे. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. त्यामुळे ते उत्तरेकडे जास्तीत जास्त त्या अक्षांशापर्यंत जाते, आणि लंडन जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे. तिथे पोहोचल्यावर स्थानकाची वाट वळते व काही काळ ते पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवे चालते, म्हणून लागोपाठच्या अनेक फेऱ्या लंडनच्या आसपासून जातात. आपल्याकडे ते तिरपे ओलांडून जाते. ९३ मिनिटांनी ते परत येईपर्यंत पृथ्वी खालून फिरलेली असते व पुढची वाट सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे अरबी समुद्रापलीकडे सरकलेली असते. त्यामुळे एका संध्याकाळी एकच चांगली फेरी आपल्या वाट्याला येते.

दुसरा भाग उन्हाचा. स्थानक ४०० किलोमीटर उंच असल्यामुळे आपल्या क्षितिजाखाली सूर्य सुमारे २० अंश जाईपर्यंत डोक्यावरच्या स्थानकावर ऊन असते. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि तेवढे अंतर दीड तासाच्या आत कापतो. आकाश पुरेसे काळवंडायला पहिली वीस-पंचवीस मिनिटे जातात, म्हणून संध्याकाळचा तासभर आणि पहाटेचा तासभर एवढाच आपला वाटा. लंडनमध्ये जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश जातो, त्यामुळे स्थानकावर रात्रभर ऊन असते.

उरला प्रश्न मधल्या रिकाम्या दिवसांचा. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर असल्यामुळे स्थानकाची कक्षा दिवसाला सुमारे पाच अंश पश्चिमेकडे वळत राहते, आणि त्यामुळे आपल्यावरून जाण्याची वेळ रोज वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे येते. संध्याकाळच्या फेऱ्या अशा सरकत दिवसाउजेडात जातात आणि दिसेनाशा होतात. पुढे सकाळच्या उजेडातल्या फेऱ्या सरकत पहाटेवर आणि मध्यरात्रीच्या फेऱ्या संध्याकाळवर येतात. स्थानक या काळातही आपल्यावरून जातच असते. फक्त ते भर उन्हात किंवा ऐन मध्यरात्रीच्या सावलीत जाते.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी अवकाशात गेले आणि १५ जुलैला परतले, तेव्हा स्थानकावर गेलेला पहिला भारतीय डोक्यावरून जाताना पाहावा अशी इच्छा अनेक वाचकांनी कळवली होती. ऐन आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस असल्यामुळे गोव्यात ती पुरी होणे कठीणच होते, आणि त्याची हळहळ मलाही आहे.

प्रश्न : आकाशात हे एकच स्थानक आहे का? (एक विद्यार्थिनी, सांखळी)

उत्तर : माणसे राहतात अशी सध्या दोन स्थानके आहेत. दुसरे चीनचे तियानगाँग. त्याचा पहिला भाग २९ एप्रिल २०२१ रोजी सोडण्यात आला आणि २०२२ च्या अखेरीस तिन्ही भाग जोडले गेले. त्याची कक्षा ४१.५ अंशांची असल्याने ते पूर्वेकडे थोडे अधिक झुकून जाते. आकाराने ते लहान आणि उजेडाने मंद असले तरी चांगल्या फेरीत पणजीतूनही ओळखता येते. भारताने आपले स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे ठरवले आहे.

मात्र आपण आवर्जून पाहावी अशी वस्तू मला विचाराल तर ती हबल दुर्बीण. १९९० साली सोडलेली ही दुर्बीण २८.५ अंशांच्या कक्षेत फिरते आणि त्याहून उत्तरेला कधीच जात नाही. म्हणून मघाशी ज्या भाचीचा उल्लेख आला तिला लंडनमधून हबल पाहण्याची संधी जवळजवळ नाही, आणि आपल्यावरून मात्र ती डोक्यावरून जाते. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, जवळपास पश्चिमेकडून पूर्वेकडे, सप्तर्षींतील ताऱ्याइतकी मंद पण स्थिर अशी ती सरकते. हेवन्स-अबव्हवर तिच्या वेळा मिळतात. दूरच्या दीर्घिकांची जी छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो त्यांतील कितीतरी त्या ठिपक्याने टिपलेली आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावर सर्वांनी एका रांगेत जाणारे वीस-पंचवीस दिवे पाहिले. काही जण फार घाबरले. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : घाबरण्याचे काहीच कारण नाही. ते इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह होते. मे २०१९ पासून ते मोठ्या गटांनी सोडले जातात. सोडल्यानंतरचे काही दिवस ते एकामागून एक माळेसारखे चालतात, आणि पुढे अधिक उंचीवर जाऊन विखुरले की माळ मोडते.

याहून वेगळे दृश्य म्हणजे निकामी रॉकेटचे जळत खाली येणे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात असंख्य लोकांनी ते पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी येथे धातूची मोठी कडी पडलेली सापडली. तेव्हा रांगेतले दिवे नव्हते, तर शेपट्या असलेले जळते तुकडे होते. असा एखादा तुकडा कोठे आढळला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.

प्रश्न : जानेवारीच्या अखेरीस जत्रेतले दशावतारी नाटक संपवून पहाटे पाचच्या सुमारास सड्यावरून घरी परतताना दक्षिणेला अगदी खाली पतंगासारखे चार तारे दिसले आणि त्यांच्या डावीकडे दोन तेजस्वी तारे. हे कोणते नक्षत्र? (एक शेतकरी, पेडणे)

उत्तर : आपण त्रिशंकू पाहिलात. डावीकडचे दोन तारे म्हणजे नरतुरंग या तारकासमूहातील मित्र आणि मित्रक. त्यांतील मित्र हा सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा ताऱ्यांचा समूह असून त्याचे अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडे अधिक आहे.

विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात धाडलेला आणि देवांनी खाली ढकललेला राजा अधांतरी लटकला, ही कथा या ताऱ्यांना किती शोभते हे आपल्या सड्यावरून कळते : गोव्यातून त्रिशंकू दक्षिण क्षितिजावर दीड मुठीहून फारसा वर चढत नाही. त्याच वेळी पाठ फिरवून उत्तरेकडे पाहावे. ध्रुवतारा तिकडे जवळजवळ तितकाच, दीड मूठ, वर असतो, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. एका बाजूला ध्रुव आणि दुसऱ्या बाजूला त्रिशंकू, दोघेही सारखेच खाली, हे दृश्य लंडनला नाही आणि दिल्लीलाही नाही. आपण त्याची कदर करावी असे मला मनापासून वाटते.

दर महिन्याला तारे दोन तास आधी उगवतात. म्हणून जानेवारीच्या अखेरीस पहाटे पाचला दक्षिणेत सरळ उभा असलेला त्रिशंकू मार्चच्या अखेरीस रात्री एकला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला त्याच जागी असतो. मे महिन्याची सुट्टी आणि पावसाआधीचे आकाश हा मुलांना तो दाखवण्याचा उत्तम काळ. दक्षिणेकडे डोंगर किंवा माड आड येणार नाहीत अशी जागा मात्र दिवसाच पाहून ठेवावी. त्याच रात्री त्रिशंकूच्या वर, क्षितिजापासून सुमारे पावणेतीन मुठींवर, साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

ज्यांना मेपर्यंत थांबायचे नाही त्यांनी फेब्रुवारीत रात्री साडेनऊला व्याधाच्या खाली पाहावे. दोन मुठींवर एकटाच चमकणारा तारा म्हणजे अगस्ती. व्याधानंतर साऱ्या आकाशात तेजाने त्याचाच क्रमांक लागतो.

किनाऱ्यावर जाऊन आकाश पाहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत थंडीच्या महिन्यांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात, आणि उजेडामुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे भरकटतात. तिथे टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा लावू नये. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, ती सवयही त्यामुळे टिकते.

प्रश्न : मुलासाठी दुर्बीण घ्यावी का? आणि मोबाइलवर स्थानकाचा फोटो येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊ नये. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घ्यावी, तिच्यातून चंद्रावरची विवरे, कृत्तिका आणि हात टेकवून धरल्यास गुरूचे चार चंद्र दिसतात. स्थानकासाठी तीही नको, नुसते डोळे बरे. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीने चालवलेल्या सार्वजनिक वेधशाळेत गोव्याच्या एका पिढीने शनीची कडी प्रथम पाहिली. दुर्बीण विकत घेण्याआधी अशा मंडळींच्या आकाशदर्शनाला मुलाला न्यावे. फोटोसाठी मोबाइल तिपाईवर बसवून दहा ते तीस सेकंदांचे छायांकन ठेवले की स्थानकाची सलग रेघ उमटते, आणि पुढे एखादे देऊळ किंवा माड असला तर चित्राला आपल्या गावाची ओळख येते.

प्रश्न : येत्या काळात कोणती दृश्ये नोंदवून ठेवावीत? (एक शिक्षक, डिचोली)

उत्तर : ऑगस्टमधला प्रसिद्ध ययातीचा उल्कावर्षाव आपल्याकडे बहुतेक ढगांआड जातो. त्याची भरपाई १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतील उल्का करतात. रात्री दहानंतर गादी टाकून पडावे आणि पहाटे दोनपर्यंत पाहावे. पूर्ण अंधारात तासाला शंभराच्या घरात उल्का दिसू शकतात. नेत्रावळी, सुर्ला किंवा चोर्ला घाटाजवळ त्यांतील बऱ्याच दिसतील, पणजीत थोड्याच. चंद्र त्या रात्री केव्हा मावळतो हे पंचांगात पाहून घ्यावे.

त्यापुढची एक तारीख मात्र शाळेच्या फळ्यावर आताच लिहावी : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री गोव्यातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. रात्री साडेआठनंतर चंद्राच्या कडेला सावली लागेल, पावणेदहाच्या सुमारास तो पूर्ण झाकला जाईल आणि अकराच्या आसपासपर्यंत पूर्वेकडे बराच वर तांबडा चंद्र राहील. सावली पूर्णपणे सुटेल ती मध्यरात्र उलटून काही मिनिटांनी, म्हणजे नव्या वर्षात. आतषबाजीचा धूर किनारपट्टीवर साचण्याआधी, रात्री साडेआठपर्यंतच मुलांना घेऊन डिचोलीजवळच्या एखाद्या सड्यावर पोहोचलेले असावे.